नाशिकच्या पावसाळ्यात गनप्लावर टॉपकोट मारू नका

गनप्ला म्हणजे 'गंडम' या जपानी मालिकेतल्या यंत्रांची प्लास्टिकची जोडायची किटं. जून ते सप्टेंबर नाशिकमध्ये त्यांच्यासाठी लॅकरचा (झटपट सुकणाऱ्या सॉल्व्हंटच्या रंगाचा) स्प्रे उघडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रायमर नको, रंग नको, मॅट टॉपकोट (चमक घालवणारा शेवटचा पारदर्शक थर) तर अजिबात नको. भर पावसात मारलेला मॅट कोट गडद निळ्या किंवा काळ्या भागावर पांढुरका होऊन बसतो आणि मग लोक डबा डुप्लिकेट निघाला म्हणून दुकानदाराशी भांडतात. डब्यात बहुतेक वेळा खोट नसते. लॅकरमधलं सॉल्व्हंट भराभर उडतं, उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं, तेवढा भाग थंड पडतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर धरते. ते पाणी सुकणाऱ्या थरात अडकतं आणि थर पांढरा पडतो.

आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल मीटर घ्या आणि रंगवायच्या टेबलावरच ठेवा. आकडा ६५ टक्क्यांच्या वर असेल तर स्प्रे बंद. दोन तासांची उघडीप मिळाली म्हणून फसू नका, तेवढ्यात भिंती वाळत नाहीत.

या कामाला घाई करायचं कारणही नाही, आजचं किट रंगाशिवायही जोडून होतं. १९७९ साली जपानी टीव्हीवर 'मोबाइल सूट गंडम' आलं आणि जुलै १९८० मध्ये बांदाईने १/१४४ स्केलचं पहिलं किट ३०० येनला आणलं. त्या वेळची किटं सिमेंटने (प्लास्टिक वितळवून जोडणाऱ्या गोंदाने) चिकटवायची आणि रंगवायचीच असायची. आज साधं हाय ग्रेड (बांदाईच्या सोप्या श्रेणीचं) किटसुद्धा पांढऱ्या, निळ्या, लाल, पिवळ्या रनरवर (भाग धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटीवर) येतं आणि काही न चिकटवता बसतं. तरी रंगवायचं कशासाठी? कोरं प्लास्टिक चमकतं आणि पातळ भागांतून उजेड आरपार दिसतो. १८ मीटर उंचीचं धातूचं यंत्र साडेबारा सेंटिमीटरमध्ये पटवायचं, तर ती चमक घालवावीच लागते. पूर्ण रंगकाम जमणार नसेल त्यांनी फक्त पॅनल लाइन (भागावरच्या बारीक खाचांत रंग भरून काढलेल्या रेघा) आणि मॅट टॉपकोट केला तरी किट ओळखू येत नाही इतकं बदलतं. पण तो कोट कोरड्या हवेत.

पावसाळ्याचे चार महिने कापायला, घासायला आणि सांधे भरायला ठेवा. किटचा खरा कस तिथेच लागतो आणि नेमकं तेच सगळे उरकतात.

भाग रनरवरून एका कापात काढू नका. पहिला काप भागापासून दोन-तीन मिलिमीटर लांब, साध्या निपरने (कापायच्या पकडीने). मग भाग हातात मोकळा धरून दुसरा काप बारीक निपरने, अर्धा मिलिमीटर गेट (भाग रनरला जोडणारा दांडा) शिल्लक ठेवून. सपाट कापायच्या मोहात पडलात तर निपरचं पातं प्लास्टिकला दाबतं, ते आतल्या बाजूला फाटतं आणि खड्डा किंवा पांढरा डाग पडतो. पांढऱ्या भागावर तो लपतो, गडद निळ्या आणि लाल भागावर लांबूनही दिसतो. उरलेला अर्धा मिलिमीटर घासून काढायचा: ४०० नंबरचा वॉटर पेपर, मग ६००, ८००, १०००. हा पेपर हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतो, त्यासाठी जपानी पाकीट मागवायची गरज नाही. मात्र तो बोटावर गुंडाळून घासू नका, कडा गोल होतात. आइस्क्रीमच्या काडीवर डबल टेपने चिकटवा, म्हणजे सपाट भाग सपाट राहतो. रंग देणार असाल तर ८०० वर थांबा, अगदी गुळगुळीत प्लास्टिकवर प्रायमर नीट धरत नाही.

एका पात्याचं महागडं निपर फक्त दुसऱ्या कापासाठी असतं. त्याचं पोलाद कडक आणि ठिसूळ असतं. जाड रनर किंवा पारदर्शक भागाचं गेट त्यात घातलं की टवका उडालाच.

हात, मांडी, बंदुकीची नळी हे भाग बहुतेक दोन अर्धुकांचे असतात आणि मधोमध फट दिसते. ती बुजवायला जाड सिमेंट दोन्ही कडांना लावा, अर्ध्या मिनिटाने पुन्हा एक हात द्या आणि दाबा. फटीतून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड सलग बाहेर आली पाहिजे. जिथे ती तुटली तिथे फट राहणार. मग आठवडाभर हात लावू नका. दुसऱ्या दिवशी वरून कडक लागतं, पण आत सॉल्व्हंट असतं. तेव्हाच घासून रंगवलं तर महिन्याभराने त्याच जागी बारीक घळ पडते, कारण प्लास्टिक नंतरही आक्रसत राहतं. फेवीक्विकने हे काम जमत नाही, ते प्लास्टिक वितळवत नाही. शिवाय ते हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, पावसाळ्यात तर लावता लावता. त्याची वाफ शेजारच्या पारदर्शक भागावर पांढरी बसते, ती वेगळीच कटकट. किटमधले काही सांधे एबीएस या वेगळ्या प्लास्टिकचे असतात. त्यांना पॉलिस्टायरीनचं (किटच्या नेहमीच्या प्लास्टिकचं) साधं सिमेंट नीट धरत नाही, म्हणून रनरवर दिलेलं प्लास्टिकचं नाव आधी वाचा.

दसरा उलटला की भाग भांड्याच्या सौम्य साबणाने धुऊन घ्या. घासलेली पूड आणि बोटांचं तेल गेलं पाहिजे. गाळणीत धुवा म्हणजे बारीक भाग मोरीत जाणार नाहीत. बोअरचं पाणी असेल तर शेवटचं खळखळणं आरओच्या पाण्याने, नाहीतर क्षारांचे डाग वाळतात आणि ते प्रायमरखालूनही जाणवतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही आपली रंगाची खरी वेळ. तरी डिसेंबर-जानेवारीत पहाटे बसू नका. पारा दहाच्या आसपास असतो, दव असतं आणि गार डब्यातला दाब कमी पडून स्प्रे थेंबाथेंबाने थुंकतो. सकाळी अकरा ते दुपारी चार उत्तम. डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा. गॅसवर, उन्हात किंवा उकळत्या पाण्यात कधीच नाही, तो फुटू शकतो.

एअरब्रशसाठी (दाबाच्या हवेने रंग फवारणाऱ्या पेनसाठी) ०.३ मिलिमीटरचं नोझल सगळ्या कामाला पुरतं. लॅकर एक भाग आणि थिनर एक ते दीड भाग. मेटॅलिक असेल तर थिनर दोन भाग. कपाच्या कडेवर ढवळल्यावर रंग दुधासारखा खाली उतरला पाहिजे. दाब १५ ते २० पीएसआय, अंतर आठ-दहा सेंटिमीटर. पहिला हात इतका विरळ की खालचा प्रायमर दिसत राहावा, एकूण तीन-चार हात. पिवळ्या-लाल रंगाखाली पांढरा प्रायमर, बाकीला राखाडी. चांदीच्या रंगाखाली मात्र चकचकीत काळा, तरच तो धातूसारखा दिसतो. कॉम्प्रेसर टाकीवाला घ्या, हवेतलं पाणी अडवणाऱ्या मॉइश्चर ट्रॅपसकट, आणि काम संपल्यावर टाकीतलं पाणी रोज सोडा.

एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांच्या) थिनरबद्दल कळकळीने सांगतो. तो स्वस्त आहे, रंगाच्या कुठल्याही दुकानात मिळतो, म्हणून मोह होतो. पण तो पॉलिस्टायरीन खातो. एअरब्रश साफ करायला ठीक, रंगात मिसळून भागावर मारायला नाही. गाडीच्या स्प्रेचंही तेच. त्याचा थर जाड बसतो आणि पॅनलच्या बारीक रेघा बुजतात.

सगळ्यात जास्त किटं फुटतात ती पॅनल लाइनच्या वेळी. इनॅमलचं पातळ पॅनल लाइन द्रावण रेघेला टेकवलं की आपोआप धावतं, बघायला मजा वाटते, म्हणून लोक ते जोडलेल्या किटवर थेट कोऱ्या प्लास्टिकवर लावतात. जोडलेल्या भागात खुंटी भोकात घट्ट बसलेली असते, प्लास्टिक ताणलेलं असतं. इनॅमलचा थिनर त्या ताणलेल्या जागेत शिरतो आणि खांद्याचा सांधा किंवा घोट्याची क्लिप हातात नुसती धरली तरी तडकते. एबीएसचे भाग यात आघाडीवर. उपाय सोपा आहे. भाग सुटे करा, वर लॅकरचा ग्लॉस (चकचकीत) कोट द्या, पूर्ण दिवस वाळू द्या, मग द्रावण लावा आणि जास्तीचं लायटरच्या पेट्रोलमध्ये जेमतेम ओल्या केलेल्या इअरबडने पुसा. पुसताना रेघेला आडवं. पांढऱ्या भागाला राखाडी, लाल-पिवळ्याला तपकिरी. पांढऱ्यावर काळी रेघ फार बटबटीत दिसते. थरांचा क्रमही लक्षात ठेवा: खाली लॅकर, वर अ‍ॅक्रिलिक, त्यावर इनॅमल. उलटं केलंत तर लॅकरचं सॉल्व्हंट खालचा थर उचलतं.

वॉटरस्लाइड डिकल (पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायची चित्रं) ग्लॉसवरच लावायचे. पाण्यात दहा सेकंद, मग बाहेर मिनिटभर. ते कागदावर आपोआप सरकायला लागले की तयार. नखाने ओढलेला डिकल फाटतोच. दुसऱ्या दिवशी शेवटचा मॅट कोट.

एप्रिल-मे मध्ये हवा कोरडी असते, पण वेगळी अडचण होते. चाळिशीच्या उन्हात रंग भागावर पोहोचण्याआधीच हवेत सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. सावकाश उडणारं लेव्हलिंग थिनर वापरा, अंतर थोडं कमी करा, सकाळी लवकर काम संपवा. दुपारच्या वाऱ्याबरोबर धूळ येते ती निराळीच.

आणि पावसात कोट पांढरा झालाच असेल, तर घासून काढायला धावू नका. कोरड्या दिवसाची वाट बघा आणि त्यावर ग्लॉसचा एक ओलसर हात द्या. बऱ्याचदा सॉल्व्हंट थर पुन्हा मऊ करतं, अडकलेला ओलावा निघून जातो आणि खालचा रंग परत येतो. मग पुन्हा मॅट.

पैसे कशावर आधी घालायचे, यावर माझा आग्रह आहे: निपर, मग मास्क, मग एअरब्रश. परफेक्ट ग्रेडचं (महागड्या श्रेणीचं) किट सगळ्यात शेवटी. फडक्याचा किंवा सर्जिकल मास्क लॅकरच्या वाफेला अडवत नाही, एन ९५ सुद्धा फक्त कण अडवतो. ऑर्गॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा (सॉल्व्हंटची वाफ शोषणाऱ्या डब्यांचा), नाक-तोंड झाकणारा अर्धा मास्क हवा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना सेफ्टीचं सामान पुरवणाऱ्यांकडे त्याची चौकशी करा. बंद खोलीत, घरात लहान मूल असताना, बाल्कनीचं दार लोटून स्प्रे करणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. खिडकीबाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट लावा आणि फवारा त्याच दिशेने मारा. कार्ट्रिजवर उघडल्याची तारीख मार्करने लिहा, काम झाल्यावर ते झिपच्या पिशवीत बंद करा, कारण उघडं राहिलं तर नुसत्या खोलीतल्या हवेनेही ते भरत जातं. मास्क लावूनही थिनरचा वास यायला लागला की कार्ट्रिज त्याच दिवशी बदला.