सात दिवसांचं तळं

मुलुंडच्या आमच्या जुन्या घराचं ग्यारेज वडिलांनी फियाटच्या मापानं बांधलं. आताची गाडी त्यात जाते, पण मग तिचं दार उघडत नाही. एकदा हौसेनं आत घातली आणि डिकीतून सरपटत बाहेर आलो. समोरच्या काकू तेव्हा तुळशीला पाणी घालत होत्या. त्याच संध्याकाळी ठरलं, ग्यारेजच्या शेजारी काँक्रीटचा कोबा करायचा. अठरा बाय नऊ फूट, जाडी पाच इंच. ब्रास म्हणजे शंभर घनफूट; हिशेबानं पाऊण ब्रासही भरत नाही. दोन दिवसांचं काम, असं मी घरात सांगितलं.

मिस्त्री सोलापूरकडचे. बोलणं कमी, पान जास्त. खोदाई झाली, धुमस मारून झाली, सोलिंग म्हणजे दगडांचा थर झाला, तोवर आमचं जमलं होतं. बिघडलं ते पाण्यावरून. मी आधी वाचून ठेवलं होतं: सिमेंट, वाळू, खडी असा एकास दीडास तीनचा माल, पन्नास किलोच्या गोणीला तीस लिटरपेक्षा जास्त पाणी नको. पाणी वाढलं की माल थापायला सोपा होतो, पण ताकद जाते. म्हणून मी बादली मोजत उभा राहिलो. तिसऱ्या गोणीला मिस्त्री म्हणाले, "साहेब, तुमचं पुस्तक घमेलं उचलणार आहे का?"

मला गप्प बसवायला म्हणून त्यांनी माझ्या हातात लेव्हलच्या नळीचं एक टोक दिलं. प्लास्टिकची पारदर्शक नळी, आत पाणी. दोन्ही टोकांना पाणी जिथे थांबेल तिथे खूण करायची. मग गेटाकडची खूण दोन इंच खाली घ्यायची, म्हणजे ढाळ रस्त्याकडे. एवढंच काम. त्यात चहा आला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी कडेनं सिमेंट-वाळूचे छोटे बांध घालून मधे पाणी सोडलं. "सात दिवस सुकू द्यायचं नाही." काँक्रीट वाळून नाही, पाणी पिऊन घट्ट होतं, हे मी आल्यागेल्याला सांगू लागलो. नळाला पाणी पहाटे, तेव्हा मीही पहाटे. बनियनवर, पाइप हातात, मे महिन्यात. कावळे अंघोळीला येऊ लागले. एक बुलबुल तर जोडीनं.

चौथ्या दिवशी डासांच्या अळ्या तपासणारा माणूस दारात. टॉर्च, वही, आणि माझ्या तळ्याकडे बघून आलेला तो चेहरा. मी काँक्रीटचं शास्त्र सांगितलं. त्यानं डासांचं सांगितलं: अंड्यापासून उडत्या डासापर्यंत साधारण आठवडा लागतो, आणि डेंग्यूच्या डासाला असंच स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं. म्हणजे माझा कोबा आणि त्याचा डास एकाच मुहूर्तावर पिकणार होते! "पाणी काढा, पोती पसरा, पोती ओली ठेवा," तो म्हणाला. बिचारा शहाणा माणूस. जाता जाता वाकून त्यानं टॉर्च पाण्यात मारला.

"गेटाकडे बोट बुडत नाही, आणि ग्यारेजकडे चांगलं दोन-तीन इंच साचलंय. ढाळ उलटा आहे का हो?"

मी पाण्याकडे पाहिलं. मग चहाचा तो कप आठवला. दोन इंच मी खाली घेतले होते, अगदी न चुकता. फक्त माझ्या टोकाला.

मिस्त्रींना फोन केला. ते आले, बघितलं, पान थुंकून आले, पुन्हा बघितलं. फोडायचं म्हटलं तर आता चांगलं घट्ट झालं होतं; तीस लिटरचा हट्ट माझाच. "पावसाळ्यात सगळं पाणी ग्यारेजच्या बाजूच्या दारातून आत जाणार," ते म्हणाले. "तिथं चार इंचांचा उंबरा घालू. आत आहे काय, भंगारच ना?"

आत फियाटचं जॅक, पत्र्याची ट्रंक आणि तीन गणपतींची मखरं आहेत. पण तेव्हा बोलायची माझी पत नव्हती.

गाडी अजून रस्त्यावरच आहे. उंबरा मात्र झाला, सरळ, लेव्हलमध्ये. मला नळीला हात लावू दिला नाही. त्यालाही सात दिवस पाणी मारायचंय. आज तिसरा.