एक यकृत, दोन रुग्ण आणि पार्क चौकातला कट्टा

मास्तरांची भाची ब्रिटनमध्ये वाढली असून यंदा तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेशासाठी मुलाखती देत आहे. आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर ठरतो. तिकडे मात्र उमेदवाराला समोर बसवून विचारतात, की यकृत एकच आहे आणि रुग्ण दोन, एक दारूने यकृत गमावलेला तिशीतला तरुण, दुसरी साठीतली निर्व्यसनी शिक्षिका, तर ते कुणाला द्याल? मास्तरांनी हा प्रश्न रविवारी पार्क चौकातल्या आमच्या कट्ट्यावर मांडला आणि चहा निवला तरी तो काही मिटेना.

मालकांचा निकाल तयारच होता. (त्यांचे चादरींचे दुकान आहे, पण ते नसते तरी सोलापुरात कुणीही कुणालाही मालकच म्हणतो.) ज्याने स्वतःच्या हाताने यकृत जाळले त्याला दुसऱ्याचे कशाला द्यायचे, असे त्यांचे म्हणणे. यावर सिव्हिलमध्ये उभी हयात घालवून निवृत्त झालेले आमचे ब्रदर म्हणाले, की विड्या ओढून ज्याची छाती गेली तो आणि विड्या वळताना तंबाखूच्या धुळीने जिची छाती गेली ती, दोघेही वॉर्डांत सारखेच खोकत असतात. त्यांच्यात गुन्हेगार शोधत बसलो असतो, तर ऑक्सिजन कुणालाच वेळेवर लागला नसता. शिवाय जी दिवसभर विड्या वळते आणि सकाळी मिश्रीही लावते, तिच्या आजारातला दोष किती आणि पोट किती, हे कोण मोजणार? दारूच्या रुग्णाला प्रत्यारोपणाची अनेक केंद्रे आधी काही महिने, बहुधा सहा, दारूपासून दूर राहायला सांगतात, ते जुने यकृत सावरते का आणि नवे टिकेल का हे पाहण्यासाठी; शिक्षा म्हणून नव्हे. मालक म्हणाले, ‘‘त्याला बिचाऱ्याला ती शिक्षाच वाटणार की.’’ ब्रदर यावर गप्प राहिले, आणि मालकांचा हा एक मुद्दा मलाही खोडता आला नाही.

वकीलसाहेबांनी मग 1962 सालचे अमेरिकेतले सिॲटल काढले. तिथे डायलिसिसची यंत्रे मोजकी होती, म्हणून सात जणांची समिती नेमली होती, तीत धर्मोपदेशक, वकील, बँकवाला, गृहिणी असे लोक होते, आणि ते रुग्णाची मिळकत, संसार, चर्चमधली ऊठबस असले सगळे पाहून यंत्र कुणाला द्यायचे ते ठरवीत. म्हणजे समितीसारखा दिसणारा माणूस जगायचा. पुढे 1972 मध्ये कायदा होऊन डायलिसिसचा खर्च सरकारने उचलला आणि लायक कोण हा वादच उरला नाही. वकिलांच्या मते मुलीने आधी उलट विचारावे, की एकच का?

मला हे निम्मेच पटले. यंत्र विकत आणता येते, यकृत नाही. तिथे टंचाई राहणारच, आणि म्हणूनच माणसाची किंमत न करता आजाराची निकड मोजणारा, आधी ठरवून जाहीर केलेला नियम हवा. अमेरिकेत 2002 पासून बिलिरुबिन, क्रिएटिनिन, रक्त गोठण्याची चाचणी अशा रक्ताच्या तपासण्यांवरून गुण काढून यकृताचा क्रम लावतात. गुणांच्या त्या आकड्यात शिक्षिका आणि दारुडा दिसत नाहीत, हीच त्याची खुबी. मास्तरांना हे कोरडे वाटले. पण आपल्या आवडीनिवडीवर माझा त्याहून कमी विश्वास आहे.

मास्तरांनी तिथूनच भाचीला फोन लावला. ती म्हणाली, ‘‘मामा, मी सांगेन, की आधी रक्तगट जुळतो का ते बघेन, मग कोण जास्त आजारी आहे ते, कोण चांगलं आहे ते विचारणार नाही.’’ उत्तर सर्वांना आवडले. मालकांनी मात्र फोन मागून घेतला.

‘‘बाळ, आमचं सोलापूर पुण्याच्या प्रत्यारोपण समितीखाली येतं. यकृत बर्फात टिकतं बारा तासांच्या आसपास. आमच्या कारखान्यातल्या रोजंदारीच्या माणसाचा खाडा भरून, तपासण्यांसाठी अडीचशे किलोमीटर नेऊन त्याचं नाव तिथल्या प्रतीक्षायादीत कोण घालतं, हे तुझे परीक्षक विचारतात का?’’

पलीकडून बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, ‘‘नाही विचारत. पण मामा, थांबा, मी लिहून घेते.’’