सलाईनच्या बाटलीत जेवण नसतं

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज परवा जावेकडूनही आला, म्हणून एकदाच लिहून टाकते. त्याचं म्हणणं असं: आयसीयूतल्या मुलाला नाकातून पोटात दूध देणारी नळी घालू देऊ नका, दूध फुप्फुसात जातं, सलाईन लावा, ताकद थेट रक्तात जाते, नळी घातलीच तर घरची डाळ-पेज सोडा.

आधी ती 'ताकद'. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे साखरेच्या सलाईनच्या, ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम ८५ कॅलरी. प्रथिनं शून्य. १० किलोच्या मुलाला दिवसाला साधारण लिटरभर द्रव चालतो. म्हणजे दिवसभरात दोन पोळ्यांएवढ्याही कॅलरी नाहीत, आणि त्याला प्रथिनं लागतात रोज किमान १५ ग्रॅम!

शिरेतून खरं पोषण देता येतं, पण ती पिशवी वेगळी: अमायनो अॅसिड, ग्लुकोज, चरबी, क्षार. ते इतकं दाट असतं की सहसा मोठ्या शिरेत लाईन, म्हणजे बारीक नळी, घालावी लागते, आणि ती लाईन म्हणजे जंतूंना उघडी वाट. आयसीयूतल्या मुलांवरचा २०१६ चा पेपॅनिक अभ्यास बघा. बेल्जियम, नेदरलँड्स आणि कॅनडातली १,४४० मुलं. पहिल्या २४ तासांतच ही पिशवी लावलेल्यांत नवा संसर्ग १८.५ टक्के, आठवडाभर थांबलेल्यांत १०.७. नळीचं अन्न दोन्हीकडे चालू होतं. आतडं अडकलं, फाटलं किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर मात्र शिरेतूनच द्यावं लागतं. ते कोणी नाकारत नाही.

दूध फुप्फुसात जातं हे अर्धं खरं, नळी चुकीच्या जागी असेल तर. म्हणून तर मापून घालतात: नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाचं टोक आणि बेंबी यांच्या मध्यापर्यंत. मग सिरिंजने थोडा द्राव ओढून आंबटपणा मोजणाऱ्या पीएच पट्टीवर टाकायचा. ५ किंवा कमी आला तर नळी पोटात. अॅसिडिटीचं औषध चालू असेल तर आकडा चढतो, अशा वेळी एक्स-रे. हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपने गुडगुड ऐकण्यावर विसंबू नका. नळी फुप्फुसात असली तरी तो आवाज येऊ शकतो.

राहिली डाळ. ८ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) नळी बाहेरून साधारण २.७ मिलिमीटर, आतून त्याहून बारीक. डाळ दाट ठेवली तर नळी चोंदते, पातळ केली तर पाणीच जातं, शिवाय मिक्सरच्या भांड्यातले जंतू फुकट. चोंदलेली नळी मोकळी झाली नाही तर काढून नवी घालावी लागते, त्याच नाकातून.