‘रक्त नाही ना, मग घरी न्या’: त्या मेसेजला उत्तर

“वयस्कर माणसाला गाडीचा धक्का लागला तर चारच गोष्टी बघा. रक्त आलं नाही, नीट बोलतायत, बीपी ठीक, चालता येतंय? मग घरी न्या, स्कॅनच्या भानगडीत पडू नका. मान अवघडली तर चोळून, फिरवून मोकळी करा.” हा मेसेज सगळीकडे फिरतोय.

रक्त आलं नाही? वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो, कवटी तेवढीच राहते. मधल्या बारीक शिरा ताणल्या जातात. डोकं आपटलं नाही, नुसता हिसका बसला, तरी एखादी तुटू शकते. हे रक्त आतच साठतं, कधीकधी फार सावकाश.

म्हणून ‘नीट बोलतायत’ हे त्या दिवसापुरतं खरं. नाव, पत्ता, नातीची इयत्ता सगळं बरोबर सांगतात. दोन-तीन आठवड्यांनी शर्टाची बटणं चुकू लागतात, एक पाय ओढला जातो, दुपारभर गुंगी. घरचे म्हणतात, वय झालं. धक्का लागल्याचं तोवर कुणाच्या लक्षातही नसतं! वॉरफॅरिन, क्लोपिडोग्रेलसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हेच काही तासांतही होऊ शकतं. दवाखान्यात जाताना गोळ्यांची पाकिटं उचला. ‘ती छोटी पांढरी’ एवढ्यावरून डॉक्टरला काही कळत नाही.

बीपीचा मुद्दा मला सगळ्यात फसवा वाटतो. वरचा आकडा 108 दिसला की लोक खूश, अगदी तरुणासारखं! पण एरवी 150 असणाऱ्याचं 108 झालं, तर आत कुठेतरी रक्तस्राव चालू असू शकतो. जखमींना कुठे न्यायचं हे ठरवणाऱ्या अमेरिकी नियमावलीत 65 च्या पुढे 110 खालचा आकडा धोक्याचाच धरतात. नाडीवरही विसंबू नका. मेटोप्रोलोलसारखी नाडी मंद ठेवणारी बीपीची गोळी घेणाऱ्याची नाडी रक्त गेलं तरी फारशी धावत नाही.

चालतायत? खुब्याचं मोडलेलं हाड एकमेकांत रुतून बसलं तर माणूस लंगडत चालतो. ते नंतर सरकू शकतं.

आणि मान. दुसऱ्या मणक्याचा दातासारखा उंचवटा म्हाताऱ्या माणसांत किरकोळ पडण्यानेही मोडतो. मानेच्या दुखापतीसाठी वापरल्या जाणाऱ्या कॅनेडियन नियमात तर वय 65 किंवा जास्त, एवढ्या एकाच कारणावर मानेचा फोटो (एक्स-रे किंवा स्कॅन) काढायला सांगतात. मान फिरवून बघायची ती फोटोत सगळं ठीक दिसल्यावर, तीही डॉक्टरने.