लीला चिटणीस: ‘रडक्या आई’वाल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल आधी आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की अभिनेत्री लीलाबाईंचं खरं करिअर म्हणजे बॉम्बे टॉकीज या चित्रपटसंस्थेतली दोन-तीन वर्षं, पुढे सगळ्या रडक्या आयाच, आणि मी त्यांच्यावरचा अर्धा लेख त्या आयांवरच घालवला. मला हे अजिबात पटलेलं नाही.

‘कंगन’ (१९३९), ‘बंधन’, ‘झूला’ हे सिनेमे गाजलेच, १९४१ मध्ये लक्सच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय नटीही त्याच, यात वादच नाही. पण त्या तयार कुठे झाल्या ते बघा ना! नाट्यमन्वंतर या नाटकमंडळीत. १९३३ ला या मंडळींनी ‘आंधळ्यांची शाळा’ आणलं तेच मुळी पदांवर पदं आणि वन्समोअरचा मामला बाजूला सारून, बायकांची कामं बायकांनीच करायची आणि घरात बोलतो तसं स्टेजवर बोलायचं. लीलाबाई या तालमीतल्या. डोळ्यांनी कसं बोलायचं ते त्यांच्याकडून शिकलो असं अशोककुमार स्वतः कबूल करायचे, ते काय उगाच?

आता ‘आवारा’ (१९५१) परत बघा. जजसाहेबांच्या घरातली तरुण बायको आणि गरिबीत पोर वाढवणारी थकलेली आई, दोन्ही एकाच सिनेमात. नवरा संशयावरून गरोदर बाईला घराबाहेर काढतो, ती रस्त्यावर बाळंत होते. समोर पृथ्वीराज कपूरांचा तो भारदस्त आवाज, आणि ही बाई त्याच्याशी आवाजाने झुंजायला जातच नाही, अपमान सगळा चेहऱ्यावर. याला नुसतं रडणं म्हणायचं? आणि ‘शहीद’ (१९४८) मध्ये त्या दिलीपकुमारची आई झाल्या तेव्हा तो त्यांच्याहून फार तर तेरा वर्षांनी लहान, तरी आई खोटी वाटत नाही.

हां, पुढे पुढे तीच ती पांढरी साडी आणि तेच ते हुंदके आले हे खरंय, पण तो दोष एकदा चाललेला साचा परत परत पुढे करणाऱ्या निर्मात्यांचा, लीलाबाईंच्या वकुबाचा नाही. वकूब संपला असता तर आईच्या भूमिकांचा असा धडाका चालू असताना १९५५ मध्ये ‘आज की बात’ त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला नसता.