फ्रेडी जॉन्सन कुठे आहे?

तुमचा लेख झकास, पण अमेरिकेतून युरोपात गेलेल्या जॅझ पियानोवादकांची गोष्ट त्यात पॅरिसच्या नाइटक्लबांपाशीच आटोपलीत, हे काही पटलं नाही. त्यांच्यातल्याच फ्रेडी जॉन्सनचं साधं नावही नाही! हा गडी 1928 मध्ये सॅम वुडिंगच्या बँडबरोबर आला (वुडिंग स्वतःही पियानोवालाच, 1925 ला बर्लिन गाजवून गेलेला), पॅरिसमध्ये रमला, मग ॲमस्टरडॅमला. सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सबरोबरची त्याची हॉलंडमधली 1938 ची रेकॉर्डिंग्ज जरूर ऐका. सॅक्सोफोन, पियानो आणि ड्रम्स एवढंच; खालचे सूर धरणारं बास हे वाद्य नाहीच. त्यामुळे सगळा भार जॉन्सनच्या डाव्या हातावर. खाली खर्जाचा सूर, लगेच उडी मारून वरची कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर), पुन्हा खाली. हॉकिन्स मनसोक्त भटकतो तो याच्याच जिवावर.

‘युरोपात हे कलाकार निर्धास्त जगले’ हे तुमचं वाक्यही जरा जपूनच घ्यायला हवं. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरताच डिसेंबर 1941 मध्ये जर्मनांनी जॉन्सनला पकडलं. 1944 मध्ये सुटका होईपर्यंत तो बव्हेरियातल्या छावणीत.

आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड? शिकागोत एर्स्किन टेटच्या ऑर्केस्ट्रात ट्रम्पेटवाल्या लुई आर्मस्ट्राँगबरोबर वाजवणारा हा पठ्ठ्या 1926 मध्ये थेट आशियाच्या वाटेला लागला. 1937 मध्ये पॅरिसला सोलो रेकॉर्ड्स केल्या खऱ्या, पण तिथे काही थांबला नाही. त्याची एकूण वाट शांघाय, आपल्या मुंबईचं ताज, मग कलकत्ता अशी. तिथेच 1945 मध्ये कॉलऱ्यानं गेला. त्याच्यावर वेगळा लेख लिहाच, आणि त्या काळी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणाऱ्या गोवेकर वादकांना त्यात विसरू नका.