घरात कोणाला होता का? "नाही."

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट मोठी होणार, सांभाळून घ्या.

दुपारी आतेबहिणीचा फोन आला. वय 36. चेकअपला गेली होती, डॉक्टरांनी विचारलं घरात कोणाला ब्रेस्ट कॅन्सर होता का, ही म्हणाली नाही, मग त्या म्हणाल्या चाळिशीला या मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेला. बाई खूश, चार वर्षं सुटका! मी सहज आईला सांगितलं तर आई गप्पच. मग हळूच म्हणते, "अगं, तिच्या आईलाच होता की."

म्हणजे माझ्या आत्याला. 43 व्या वर्षी. आणि पोटच्या पोरीला काय माहीत, तर 'साधी गाठ होती, काढली'.

मी शाळेत असताना आत्या आमच्याकडे राहायला आली होती. रोज सकाळी बाबांबरोबर कुठेतरी जायची. गळ्याखाली जांभळ्या शाईच्या रेघा होत्या, आंघोळ करताना तिथे पाणी लागू द्यायची नाही, मी विचारलं तर म्हणे उष्णतेवरचं औषध लावलंय. रेडिएशनच्या खुणा होत्या हो त्या!

आईला किंवा सख्ख्या बहिणीला कमी वयात झाला असेल तर तिच्या निदानाच्या वयाच्या साधारण दहा वर्षं आधी तपासणी सुरू करा असं डॉक्टर सांगतात, फक्त तिशीच्या आत मॅमोग्राफी सहसा करत नाहीत. करा ना हिशोब. 43 वजा 10. हिचं 33 लाच सुरू व्हायला हवं होतं आणि ही अजून चार वर्षं निवांत बसणार होती. डॉक्टरांचं काय चुकलं यात? त्यांना जे सांगितलं त्यावर त्यांनी बरोबरच सल्ला दिला.

मान्य, कधी सुरू करायचं यावर एकमत नाहीये. ब्रिटनमध्ये 50 नंतर बोलावतात, दर तीन वर्षांनी. अमेरिकेत अशा तपासण्यांबद्दल सल्ला देणाऱ्या टास्क फोर्सने आधी 50 सांगितलं, मग 2024 मध्ये 40 वर आणलं, दर दोन वर्षांनी. पण हे सगळं नेहमीच्या जोखमीच्या बायकांसाठी! तरुणपणी स्तनातला टिश्यू दाट असतो, एक्स-रेत गाठ लपते, कधी उगाच परत बोलावतात, बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) होते, जीव टांगणीला आणि शेवटी काहीच नसतं, हेही होतं. आणि हो, ज्यांना होतो त्यातल्या बहुतेकींच्या घरात आधी कोणालाच नसतो. बरं मग? म्हणून असलेलं लपवायचं??

त्यात 'वडिलांकडचं धरत नाहीत' म्हणणारे शहाणे वेगळेच. बीआरसीए जीनमधला बिघाड, ज्याने ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढतो, तो बापाकडूनही येतो. म्हणजे आत्याचं माझ्याही डॉक्टरांना सांगायला हवं.

तणतणतच आत्याला फोन लावला. खूप बोलले. ती एवढंच म्हणाली, "पोरीचं लग्न व्हायचं होतं गं." पुढे मला काही बोलताच येईना. तिने ती जळजळ, ती आग, सगळं उष्णतेच्या नावावर खपवलं आणि एकटीने सोसलं. राग आहेच अजून, पण तिच्यावर नाही राहिला.

संध्याकाळी तिचाच फोन. लेकीला स्वतःच सांगितलंय. "रिपोर्ट सापडलेत, बायोप्सीचा कागद पिवळा पडलाय, चालेल ना?" चालेल गं बाई, पळेल! (पोस्ट तिला विचारून टाकतेय, नाव घालू नकोस म्हणाली.)

सोमवारी तिघी जातोय. बहिणीला एमआरआय पण लागेल का, आणि जीन टेस्ट आधी आत्याची करायची का ते विचारायचंय, कारण जिला आजार झालाय तिची आधी केलेली बरी असं म्हणतात.